फडावर प्यायचं पाणी हवं : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
राज्यातले सहकारी आणि खासगी साखर कारखाने यांस,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या सुमाराला तुमच्याकडे बॉयलर पेटवायची गडबड सुरू होते, तेव्हा आमच्या बीड जिल्ह्यात गावं ओस पडायला लागतात. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पत्रे, भांडी, पीठ, शेळ्या आणि लेकरं ट्रकमध्ये भरून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हं तापल्यावर परततात. मी याच भागात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. परत आलेली माणसं जी दुखणी घेऊन येतात त्यांतलं एक मुतखड्याचं. त्याबद्दलच हे पत्र आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत लिहितोय, कारण मी जे मागणार आहे त्याची तजवीज मोळी टाकण्याआधीच करावी लागते.

मागणं आधीच सांगून टाकतो. प्रत्येक फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, कारखान्याच्या खर्चाने प्यायचं स्वच्छ पाणी पोचावं, बायकांना लघवीला जायला आडोसा मिळावा आणि डॉक्टरकडे गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये.

एप्रिल-मेमध्ये माझ्या दवाखान्यात असा एखादा माणूस हमखास दिसतो, जो बसतही नाही आणि झोपतही नाही. कुशीतून उठलेली कळ जांघेत उतरते. तो वाकतो, भिंतीला पाठ घासतो, उलटी करतो. मुतखडा आणि बाळंतपण दोन्ही सोसलेल्या बायका मला सांगतात, त्यापेक्षा बाळंतपण बरं. इंजेक्शनने कळ जरा थांबली की नवरा-बायको विचारतात, "डॉक्टर, टोमॅटो बंद करायचे का?" कुणी वांगी सोडलेली असतात, कुणी दूध. गावोगाव हेच सांगितलं जातं. फडावर दिवसाला पाणी किती पिता, हे मात्र त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

खडा कसा होतो हे तुम्हाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण तुमचा धंदाच तो आहे. पॅनमध्ये पाक आटवत नेला की एका क्षणी पाण्यात मावेल त्यापेक्षा साखर जास्त होते आणि दाणा धरतो. नको तिथे बारीक दाणा धरला तर तुमचा पॅनवरचा माणूस पाणी सोडतो आणि तो विरघळवतो. मूत्रपिंडात साखरेच्या जागी कॅल्शियम, ऑक्झलेट आणि युरिक आम्ल असतं. शरीरातलं पाणी घामावाटे गेलं की लघवी आटते आणि या क्षारांचा दाणा धरतो. फरक एवढाच की आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा एकदा धरला की मागून कितीही पाणी सोडा, विरघळत नाही. लहान असेल तर लघवीवाटे पडून जातो, मोठा असेल तर फोडून काढावा लागतो. म्हणून पाणी आधी हवं, रोज हवं, काम चालू असताना हवं.

किती हवं? चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. एक लिटरच्या आत लघवी होत असेल तर धोका चांगलाच वाढतो. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिले. एका गटाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, दुसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात २७ टक्के लोकांना. हा अभ्यास १९९६ साली छापून आला. पाण्याखेरीज त्यात औषध नव्हतं. ब्राझीलच्या एका पोलाद कारखान्यातला २००५ सालचा अभ्यास तुम्ही लोकांनी मुद्दाम विचारात घ्यावा असा आहे. भट्टीजवळ तापलेल्या जागी काम करणाऱ्यांत ८ टक्के लोकांना मुतखडा होता आणि त्याच कारखान्यात साध्या तापमानात काम करणाऱ्यांत ०.९ टक्के. कारखाना तोच. काम करण्याच्या जागेने एवढा फरक पाडला.

ऊसतोडीचा हंगाम थंडीत असतो, मग आटण्याचा प्रश्न कुठे येतो, असं तुम्हाला वाटेल. पहाटे चारला फडात उतरलेल्या माणसाला थंडीत तहान लागत नाही हे खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो. कोयता चालवताना, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना घाम येतच असतो, फक्त जाणवत नाही. फेब्रुवारीनंतर तर ऊन सांगायलाच नको. दिवसभर वाकून तोडायचं, वाहन आलं की रात्री भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उभं राहायचं.

फडावर पाणी कसं असतं ते मी पाहिलं आहे. तेलाच्या जुन्या पाच लिटरच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून तो गाडीच्या सावलीत ठेवलेला असतो. त्यात जोडप्याचं पाणी, पोराचं पाणी, हात धुवायचंही तेच. तोडणी पुढे सरकत जाते तसा कॅन मागे राहतो. पाणी प्यायचं तर दोनशे पावलं मागे जायचं, आणि मोळ्यांवर पैसे मिळत असताना तेवढा वेळ कोण घालवणार? कॅन संपला तर शेतकऱ्याच्या विहिरीची मोटर चालू असेल तर ठीक, लाइट नसेल तर पाटाचं पाणी. त्या पाण्याने जुलाब लागले की अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. तहान मारायला माणसं ऊस चघळतात. त्याने तोंड ओलं होतं एवढंच. उलट जास्त साखर पोटात गेली की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दुपारी लघवीला गेलेला गडी सांगतो, कोऱ्या चहासारखी झाली होती आणि आग होत होती. "उन्हाळी लागली" म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

हे झालं पुरुषांचं. बायकांचं दुखणं यापेक्षा खोल आहे.

ऊस उभा असतो तोवर निदान सरीत आडोसा असतो. पाचट कापतं, साप-विंचवाची भीती असते, पण आडोसा असतो. दुपारपर्यंत फड मोकळा होतो आणि चहूबाजूंनी गडी माणसं, मजूर पुरवणारा मुकादम, ड्रायव्हर. मग बाई काय करते? पाणीच पीत नाही. सकाळी चहा घेते आणि संध्याकाळी कोपीवर, मुक्कामाच्या झोपडीत, परतल्यावर अंधार पडला की लघवीला जाते. तहान लागलेली असताना समोरच्या कॅनकडे न बघता दिवस काढते. हे मला एकीने सांगितलेलं नाही. विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगते, आणि आईने लेकीला शिकवावं तसं शिकवलेलं असल्यासारखं सांगते.

अशी तासन्‌तास तुंबवलेली, आटलेली लघवी म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. काही जातीचे जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि एका वेगळ्याच प्रकारचा खडा तयार होतो. हा खडा गुपचूप वाढतो. मोठी कळ येत नाही, नुसती कंबर भरून येते, अधूनमधून ताप येतो, आणि सोनोग्राफी करावी तर मूत्रपिंडाचा आतला सगळा पोकळ भाग खड्याने भरून गेलेला. खड्याने वाट अडलेली असताना वर जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, तर ती काही तासांत जिवावर बेतणारी अवस्था आहे. कोपीवर क्रोसिन देऊन झोपवलेल्या बाईला ते कळणार कसं?

इथे आणखी एक गोष्ट बोलणं मला भाग आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांची त्यात जबाबदारी मोठी आहे. मी इथे एवढंच सांगतो की मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा ओटीपोटातच दुखतो, आणि लघवीचा जंतुसंसर्गही तिथेच दुखतो. ओटीपोट दुखतं म्हणून आलेल्या प्रत्येक बाईची लघवी आधी तपासली पाहिजे, सोनोग्राफी झाली पाहिजे. पिशवीचं नाव त्यानंतर काढावं.

मुतखड्याला पाण्याखेरीज दुसरी कारणं नाहीत असं नाही. आई-वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त. लठ्ठपणा, मधुमेह, गाउट यांनी धोका वाढतो. मीठ जास्त खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं, मटण-चिकनच्या अतिरेकाने युरिक आम्ल वाढतं आणि लघवीतलं सायट्रेट कमी होतं. हे सायट्रेट खडा धरू देत नाही. लिंबात ते भरपूर असतं. आतड्याचे जुने आजार, पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोष, फिट्स आणि अर्धशिशीवर देतात ते टोपिरामेट, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, ही कारणंही आम्ही विचारतो. यांतली पहिली काही कारणं संचालक मंडळातल्या तुमच्यापैकी अनेकांना लागू पडतील, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या, हे मी काळजीने सांगतो आहे. फडावरच्या माणसाचं अंग काटक, मटण सणासुदीला, रोजचं जेवण भाकरी-ठेचा. त्याच्या खड्याचं कारण शोधायला लांब जायला नको.

टोमॅटोच्या बियांचं म्हणाल तर त्यांचा मुतखड्याशी संबंध नाही. टोमॅटोत ऑक्झलेट थोडं असतं. पालकात खरोखर जास्त असतं, तो बेताने खावा. दूध सोडणं तर उलटं अंगाशी येतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध-ताक बंद केलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. २००२ साली इटलीतल्याच संशोधकांनी हे दाखवून दिलं : कॅल्शियम कमी केलेल्या रुग्णांपैकी ३८ टक्के जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, आणि कॅल्शियम नेहमीसारखं ठेवून मीठ व मांस कमी केलेल्यांत २० टक्के जणांना. कुळथाचं कढण प्यायला माझी हरकत नाही, त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. मात्र बिअरने खडा पडतो हे गड्यांनी एकमेकांना सांगणं बंद करावं. दिवसभर आटलेल्या शरीरावर दारू पिणं म्हणजे आणखी आटवणं.

आता खाड्याबद्दल. जोडीतलं एक माणूस बसलं तरी कोयत्याचा, म्हणजे अख्ख्या जोडीचा, खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात धरला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा वैद्यकीय परिणाम काय होतो ते एका रुग्णावरून सांगतो. तिशीतला गडी. पावसाळ्यात एका शहरातल्या रुग्णालयात त्याची खड्याची शस्त्रक्रिया झाली, सरकारी योजनेतून, पैसा लागला नाही. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांत काढायची असते, तीन महिन्यांपलीकडे तर सहसा ठेवतच नाहीत. याला कागदावर इंग्रजीत तारीख लिहून दिली होती. तारीख यायच्या आत मुकादमाचा ट्रक आला. तिकडे लघवीतून रक्त जायचं, कंबर दुखायची; "ऑपरेशन झालंय तर दुखणारच" म्हणून त्याने रेटलं. एकदा जायचं ठरवलं तर खाडा पडेल म्हणून बायकोनेच थांबवलं. मेमध्ये तो माझ्याकडे आला तेव्हा एक्स-रेमध्ये नळीच्या दोन्ही टोकांवर नवे खडे चढलेले होते. ती नळी काढायला एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागल्या आणि त्या बाजूचं मूत्रपिंड पूर्वीसारखं राहिलं नाही. नळी वेळेवर काढायला त्याला दुपारपर्यंतचा वेळ लागला असता. आजही तो कोयता घेऊन जातो, कारण मागची उचल फिटलेली नाही.

मध्य अमेरिकेत हेच दुखणं आणखी भयंकर रूपात दिसलं. एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणारे तरुण गडी मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होते, आणि त्यांना मधुमेह नव्हता की रक्तदाब नव्हता. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तो आजार मुतखड्याचा नव्हे, त्याचं कारणही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण ऊन, ढोरमेहनत आणि रोज आटणारं शरीर यांचा त्यात मोठा हात असल्याचं बहुतेक संशोधक मानतात. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी मजुरांना द्यायचा उपक्रम सुरू झाला. फडाबरोबर हलवता येणारा तंबू, पाठीवर बांधायच्या पाण्याच्या पिशव्या, ठरावीक वेळाने सक्तीची सुट्टी. विश्रांतीने तोड घटेल अशी भीती होती. एल साल्वादोरमधल्या प्रयोगात माणशी तोड उलट वाढली.

यावर तुमच्याकडून एक उत्तर येतं ते मला माहीत आहे : मजूर कारखान्याचे नाहीत, मुकादमाचे आहेत. पण आज कुठल्या गटातला ऊस तुटणार हे मुकादम ठरवत नाही. तोडणीचा प्रोग्राम तुमचं शेतकी खातं लावतं, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा तुमचा स्लिपबॉय मोटारसायकलवरून प्रत्येक फडावर पोचतो, वाहन कधी येणार हे तुमच्या यार्डातून ठरतं. ज्या प्रोग्रामवर वाहन फडावर जातं त्याच प्रोग्रामवर पाणीही जाऊ शकतं.

हिशेबही करून पाहा. उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला पाऊण लिटर पाणी लागतं असं धरलं तर आठ तासांचे सहा लिटर. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं, १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार. रिकामं वाहन फडावर येतं तेव्हा हे जार त्यातून येऊ शकतात. जार तोडणीबरोबर पुढे सरकले पाहिजेत, ही एक बारीक गोष्ट आहे आणि सगळा खेळ तिच्यावर आहे. बांधावर ठेवलेल्या पाण्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. आडोशाला चार बांबू, ताडपत्री आणि खाली खड्डा पुरेल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फिरतं शौचालय बसवलंत तर उत्तमच. त्याशिवाय नुसतं पाणी दिलंत तर बायका ते पिणार नाहीत.

टनामागे १० रुपये तुम्ही गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी द्यायचे आहेत. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे ते ५० लाख होतात, आणि तेवढीच भर सरकारने घालायची आहे. ते पैसे फडावरच्या पाण्यापर्यंत यावेत असा आग्रह तुम्हीच धरलात तर महामंडळाला ऐकावं लागेल. मात्र महामंडळाकडून येईपर्यंत थांबू नका, जार घ्यायला तेवढी वाट पाहायची गरज नाही.

अड्ड्यावर टोळ्या उतरतात त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले जावेत. पूर्वी मुतखडा झाला होता का? पोटात नळी आहे का? एकदा खडा झालेल्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना पाच-दहा वर्षांत तो पुन्हा होतो, म्हणून पहिला प्रश्न. ज्याच्या पोटात नळी आहे त्याचं नाव आणि नळी काढायची तारीख स्लिपबॉयच्या वहीत मराठीत लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला कारखान्याच्या गाडीने त्याला रुग्णालयात न्यावं, खाडा न धरता. थंडी-तापासह कुशीत दुखत असेल तर रात्र काढू नये, हे मुकादमालाही सांगून ठेवावं.

तोडणी-वाहतुकीचे करार तुमच्याकडे याच दिवसांत होतात. त्यात पाणी, आडोसा आणि खाड्याचं कलम घालता येईल. ते कसं लिहावं, किती कोयत्यांमागे किती जार, नळीची नोंद कशी ठेवायची, हे बसून ठरवायला मी यायला तयार आहे, आमच्या भागातले आणखी काही डॉक्टरही येतील. तुमच्या शेतकी अधिकाऱ्यांनी एक तारीख कळवावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
बीड जिल्ह्यातला एक डॉक्टर